शेषाद्रींनी पास केलेली गाडी

चेन्नईजवळ आवडी नावाच्या गावी रणगाड्यांच्या संरक्षण कारखान्यात शेषाद्रींचं काम एवढंच, की दुसऱ्यांनी घडवलेल्या वस्तूला नावं ठेवायची. सरकार त्याला तपासणी म्हणतं आणि त्याचा पगार देतं. त्यांच्या हातात पोलादी गेज असे. त्याच्या एका टोकात भाग शिरायला हवा आणि दुसऱ्या टोकात शिरता कामा नये. दोन्ही जमलं तर पास, नाही तर तांबडा खडू. "मधलं काही नसतं," असं ते नव्या पोरांना सांगत.

खरं तर मधलं काहीतरी होतं. त्याला कारखान्यात डेव्हिएशन म्हणत. केसभर मापाबाहेर गेलेला भाग वरच्या साहेबाची सही घेऊन चालवून घ्यायचा. पण शेषाद्रींनी उभ्या नोकरीत कधी कुणाकडे डेव्हिएशन मागितलं नव्हतं. जे मागत त्यांच्याकडे ते आरतीच्या मध्येच शिंकणाऱ्याकडे बघावं तसे बघत.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी ठेवून यायची, तर तेही जमत नसे. वेस्ट मांबलमच्या घरी पानात इडली पडली की आधी ती बोटानं दाबून बघणार. वांगी घ्यायला गेले तर भाजीवाली टोपलीवर पदर टाकायची. देवाला आणलेला नारळही कानाशी धरून हलवायचे. सीतालक्ष्मी, त्यांची बायको, म्हणायची, "अवो, त्या नारळाला देव पास करेल. तुम्ही फोडा फक्त."

ती आल्यागेल्याला सांगायची, "मला बघायला आले तेव्हा तासभर बसले आणि काही बोललेच नाहीत. मज वाटलं, गेलं हे स्थळ. मग अक्का उठल्या, माझ्या हातात फूल दिलं आणि म्हणाल्या, 'शेषू, कॉफी पी, निवतेय.' झालं लग्न. यांनी मला अजून पास कुठं केलंय? अक्कांच्या सहीवर चाललेय मी."

अक्का म्हणजे शेषाद्रींची थोरली बहीण विद्यालक्ष्मी. तंजावरात, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या त्यांच्या मूळ घरी राहायची. आई गेली तेव्हा शेषाद्री अक्काच्या कडेवर होते, आणि त्यानंतर आई म्हणून त्यांना अक्काच ठाऊक. घरात एकटीच माणूस, पण सोवळं, ज्याला ती मडी म्हणायची, असं कडक की दूधवाल्यानं भांडं उंबऱ्याबाहेर ठेवून दोन पावलं मागं सरायचं. आणि याच अक्काला अलीकडे गुडघ्यांनी पार बांधून ठेवलं होतं.

येत्या थाई महिन्यात, जो तिकडे संक्रांतीला लागतो, शेषाद्रींना साठ वर्षं पूर्ण होणार होती. साठीशांत करायची म्हणजे यजमान-यजमानीणबाईंना पाटावर बसवून मंत्रांच्या घोषात कलशातलं पाणी डोक्यावर घालायचं, आणि पहिला कलश घरातल्या वडीलधाऱ्याच्या हातचा. शेषाद्रींच्या घरी असा हात एकच होता. ते स्पष्ट म्हणाले, "अक्काच्या हातचं पाणी डोक्यावर पडलं नाही तर मी साठीचा झालोच नाही."

अक्कानं फोनवर सांगितलं, "येईन की रे. पण रेल्वेची पायरी माझ्याच्यानं होत नाही. टॅक्सीत मी बसणार नाही, तिथं कोण काय खाऊन बसलेलं असतं देवाला ठाऊक. घरचं वाहन असेल तर सांग."

घरी वाहन म्हणजे लग्नातली स्कूटर.

त्यावर सीतालक्ष्मीच्या भाच्याची गाडी तंजावरला पाठवून बघितली. ती बसकी. अक्का तीत बसली खरी, पण तिला बाहेर काढताना भाचा आणि ड्रायव्हर दोघांना घाम फुटला. अक्काच्या शेजाऱ्यांची मोठी जीपसारखी गाडी आणली, तर तिच्यात पाय ठेवायलाच शिडी हवी. ना वाकायचं ना चढायचं, नुसतं मागं सरकून टेकायचं, अशी गाडी हवी होती. संयुक्ता, शेषाद्रींची मुलगी, अंबत्तूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ती म्हणाली, "अप्पा, कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. सेकंडहँड. रोडवर सगळीकडं तीच दिसते."

शेषाद्रींनी मग काय करावं? ते तंजावरला गेले. अक्का घरातल्या झोपाळ्यावर, तिथल्या ऊंजलवर, विनासायास बसायची आणि उठायची. त्यांनी त्या फळीची जमिनीपासूनची उंची मोजली आणि परत येऊन कमरेइतकी सागवानी काठी तासून घेतली. तिला दोन खाचा पाडल्या. सीट खालच्या खाचेच्या वर हवी आणि वरच्या खाचेच्या खाली. पास किंवा नापास.

"इतकी वर्षं कारखान्यात गेज वापरलं," सीतालक्ष्मी म्हणाली, "आता माझ्या नणंदेचंपण केलंत."

ती काठी घेऊन ते अंबत्तूरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात जाऊ लागले. मालक गुरुमूर्ती पहिल्या दिवशी त्यांना पायाला काही झालंय असं समजून खुर्ची द्यायला धावला. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांना लांबून बघूनच कपाळाला हात लावी.

ज्या गाडीवर त्यांचं मन बसलं होतं तिचं नाव मात्र ते कधी घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ना, तसं. नाव घेतलं की सौदा मोडतो असा त्यांचा समज. नुसतं 'ती' म्हणत, आणि पुढं पिढी सांगत. कारण कंपनीनं 'ती' तीनदा नव्यानं बनवली होती आणि तीनही पिढ्या रस्त्यावर एकत्र नांदत होत्या.

पहिल्या पिढीची 'ती' लोखंडी कपाटासारखी चौकोनी. दार उघडलं की भरभक्कम आवाज. सीट सपाट, आणि काठीच्या दोन खाचांच्या बरोबर मध्ये. शेषाद्रींचे डोळे पाणावायचे. पण मग ते गुडघे टेकून, डोकं आत घालून पायाखालच्या कारपेटचा वास घ्यायचे. चेन्नईत जुनी गाडी घ्यायची म्हणजे ती कुठल्या पुरात किती पाणी प्याली हे विचारावंच लागतं. मग सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढायचे. त्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ दिसली की काठी काखेत मारून चालू लागायचे.

"सार," गुरुमूर्ती तमिळमध्ये म्हणाला, "गाडी घ्यायला येता की पत्रिका जुळवायला?"

"मंगळ असला तर सांग," शेषाद्री म्हणाले. "चिखल नको."

दुसऱ्या पिढीची 'ती' गोलसर, लाडूसारखी. इंजिन गोड, कारपेट कोरडं, बेल्ट स्वच्छ. गुरुमूर्तीकडे करड्या रंगाची एक होती. तिच्यात शेषाद्रींना काहीही सापडेना. शेवटी काठी लावली. सीट खालच्या खाचेपेक्षा बोटभर बसकी.

"बोटभर, सार! एक बोट!"

"बोटभर म्हणजे नापास."

संयुक्ता त्या दिवशी बरोबर होती. अक्काला, आपल्या आत्याला, ती अत्तै म्हणे. ती म्हणाली, "अप्पा, प्लीज. अत्तैखाली उशी घालू की एक."

"उशी घालून माप पुरं करायचं? मग कारखान्यात आम्ही उश्या वाटल्या असत्या."

तिसऱ्या पिढीची 'ती' सगळ्यात नवी. छपराला काचेची खिडकी, समोर टीव्हीएवढा पडदा, आणि सीटची उंची पुन्हा पहिल्या पिढीइतकी. पण यार्डात तशी आली की संध्याकाळपर्यंत विकली जायची, आणि शेषाद्रींची तपासणी संध्याकाळपर्यंत बॉनेटच्याही पुढं सरकत नसे.

रात्रीच्या जेवणात तीन पिढ्यांची तुलना चाले. ताकभात आला तरी पहिलीची दारं आणि तिसरीचे ब्रेक संपत नसत. सीतालक्ष्मी एकदा म्हणाली, "तुमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या सांगा म्हटलं तर श्राद्धाच्या दिवशी भटजी आठवण करून देतात. हिच्या बऱ्या तोंडपाठ."

दिवाळी गेली, पाऊसही ओसरत आला. मार्गळी महिना जवळ येऊ लागला. मार्गळीत त्या मुलखात कुणी वाहन घरात आणत नाही, आणि मार्गळी संपली की लगेच थाई, साठी. म्हणजे गाडी यायची ती आधीच. सीतालक्ष्मी रोज तुळशीपुढं दिवा लावताना म्हणू लागली, "आई, यांना एखादी पसंत पडू दे. वाटल्यास डोळ्यांवर थोडी झापड दे."

आणि तसं स्थळ आलं. आवडीलाच सरकारी क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या उन्मेषची नागपूरला बदली झाली होती आणि त्याला गाडी विकायची होती. तिसरी पिढी, पांढरी, एकहाती वापरलेली. शेषाद्री सकाळी संध्या आटोपून काठीसह हजर झाले.

त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. मग उलटी घातली. टायरात बोट घालून बघितलं. खाली सतरंजी मागवून गाडीखाली पाठीवर झोपले. उन्मेषची बायको शर्मिष्ठा दारातून बघत होती. ती कुजबुजली, "अरे, झोप लागली की काय त्यांना?"

"काका," उन्मेष वाकून म्हणाला, "गाडी आहे हो ती. रणगाडा नाही."

"रणगाडा असता तर एवढा वेळ लागला नसता," गाडीखालून उत्तर आलं. "त्याचं सगळं मला ठाऊक अहे."

शर्मिष्ठानं कांदेपोहे केले. शेषाद्रींनी एकदा पोह्यांवरचं खोबरं बोटानं चाचपलं आणि मग खाल्ले. तिला त्यांचं बोलणं ऐकायला मजा वाटत होती. "तुमचं मराठी किती गोड आहे हो, काका. आजीची जुनी पोथी वाचल्यासारखं वाटतं."

"पोथी बरी. पुढं बेल्ट दाखवा."

बेल्ट स्वच्छ, कारपेट कोरडं. काठी लावली, सीट बरोब्बर दोन खाचांमध्ये. शेषाद्रींनी काठी काढली, पुन्हा लावली. मग सीटवरून हात फिरवला. त्यांचा हात एकदम ओळखीनं थांबला. कारखान्यात पट्टे आणि म्यानं तपासण्यातही त्यांची काही वर्षं गेली होती. त्यांनी शिवण बघितली, कड वाकवून बघितली, वास घेतला.

"खरं अहे!" ते म्हणाले.

"मग काय तर! कंपनीच्या सीट साध्या होत्या. मी हौसेनं करून घेतलं," उन्मेष म्हणाला.

शेषाद्रींना काहीच सापडलं नाही. असं आयुष्यात फार वेळा झालं नव्हतं. त्यांना जरा हरवल्यासारखंच वाटलं. मग त्यांनी उन्मेषचा हात हातात घेतला आणि शब्द दिला.

घरी आले ते नवरदेवासारखे. सीतालक्ष्मी देवाला फुलं वाहत होती. गाडीच्या पूजेला लागणारी लिंबं आणि दृष्ट काढायचा कोहळा तिनं आधीच आणून ठेवला होता. शेषाद्री तिथंच उभे राहून एकेक गुण सांगू लागले. इंजिन, ब्रेक, उंची, दार. "आणि सीट म्हणशील तर रेक्झीन नव्हे काही. अस्सल चामडं! मी स्वतः वास घेतला."

सीतालक्ष्मीच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

"काय म्हणालांत?"

"अस्सल चा..."

अक्का. जी चपलेला हात लागला तर डोक्यावरून अंघोळ करते, जिच्या घरात पैशाचं पाकीटही दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायचं असतं, ती अक्का मडीत या चामड्यावर तंजावरपासून चेन्नईपर्यंत बसणार होती.

"वासपण घेतलांत," सीतालक्ष्मी हळूच म्हणाली. "शिवणपण बघितलीत."

संयुक्ता आतून आली आणि दोघांची तोंडं बघून घाबरली. कळल्यावर आधी हसली, मग वडिलांकडे बघून हसू आवरलं. "काढून टाकू या, अप्पा. कापडाची शिवून घेऊ."

पण पुढच्या सीटच्या कुशीत हवेची पिशवी, एअरबॅग, असते, तिथली शिवण कुणीही उसवू नये, असं गाडीच्या माहितीपुस्तकात छापलेलं शेषाद्रींनीच वाचलं होतं. उन्मेषनं शिकलेल्या माणसाकडून एकदा करून घेतलं होतं, ते पुन्हा छेडायला शेषाद्री तयार होईनात. आणि मागच्या सीटवर बसवावं, तर तिथल्या जागेत मावतील इतके अक्काचे गुडघे दुमडत नव्हते.

"ऋषी बसतात की कातड्यावर," संयुक्ता म्हणाली. "फोटोत असतं. हरणाचं, वाघाचं."

"ते ऋषी अहेत," सीतालक्ष्मी म्हणाली, "आणि त्या अक्का अहेत."

सीतालक्ष्मीनंच मग तोड काढली. वरून जाड कापड टाकायचं, खाली काय आहे ते सांगायचंच नाही. देव सगळं बघतो, पण देव समजूनही घेतो. शेषाद्रींनी मान हलवली. "तांबडा खडू लावायच्या मालावर कापड टाकून पुढं ढकलायचं? आणि तेही अक्काकडे?" त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. इडली दाबूनसुद्धा बघितली नाही, तेव्हा मात्र सीतालक्ष्मीला खरी काळजी वाटली.

उन्मेषचा निरोप आला, सामान बांधून झालंय, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय. मार्गळी तर दारातच उभी होती. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपल्यावर शेषाद्रींनी देवासमोरच पाटावर बसून अक्काला फोन लावला. सीतालक्ष्मी आणि संयुक्ता स्वैपाकघराच्या दारात कान लावून उभ्या राहिल्या.

"अक्का, गाडी मिळाली."

"पास केलीस कां?"

"नाही. म्हणजे सगळं पास. एकच अहे..." त्यांनी सांगितलं. काही न लपवता, वास घेतल्यासकट. मग म्हणाले, "कारखान्यात याला डेव्हिएशन म्हणतात, अक्का. माप चुकलेलं असतं, पण वरच्या साहेबानं सही केली तर चालतं. मी कधी मागितलं नाही. आज मागतो अहे."

 पलीकडे ऊंजलच्या कड्या करकरल्या.

"म्हणजे मी वरची साहेब?"

"ते तू होतीसच."

अक्का हसली. तिचं हसणं फोनमधून दारापर्यंत आलं. "अरे शेषू, आपल्या अप्पांचा मृदंग आठवतो कां? देवघरातच टांगलेला असायचा. त्याला काय दोन्ही बाजूंनी केळीचं पान लावलेलं होतं? अप्पा भजनाला तो मांडीवर घ्यायचे, वाजवायचे आणि त्याच हातांनी तीर्थ घ्यायचे. तेव्हा तू त्या मृदंगाचा वास घेतला नाहीस, नशीब."

"मग सही?"

"थांब. मृदंगावर अप्पा बसत नव्हते. वाजवणं वेगळं, बसणं वेगळं." पुन्हा करकर. "आईची धाबळी माझ्या पेटीत अहे. लोकरीला विटाळ नसतो. ती चौघडी घालून मी तीवर बसेन. पण ती मी कुणाच्या हाती पाठवणार नाही. घ्यायला तू ये."

शेषाद्रींनी फोन ठेवला. सीतालक्ष्मीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच लिंबं शोधायला गेली.

मार्गळी लागायच्या आधी गाडी गल्लीतल्या पिळ्ळय्यारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळासमोर उभी राहिली. कुंकू, चंदन, हार झाला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. लिंबं चिरडल्याचा आवाज चारही बाजूंनी सारखा आला का, हे शेषाद्री कान देऊन ऐकत होते.

पोंगल झाला तसे ते सीतालक्ष्मीला घेऊन तंजावरला निघाले. गाडी संयुक्ता चालवत होती, कारण शेषाद्री चालवायला बसले की इंजिन ऐकत आणि रस्ता विसरत. ते मागं काठी उभी धरून बसले होते.

अक्का दारात तयार होती. नऊवारी कासोटा, कपाळ कोरं, आणि काखेत फडक्यात बांधलेली धाबळी. शेजारी राहणाऱ्या चुलतभावजयीला निरोप सांगून ती गाडीपाशी आली. गाडीला तिनं एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. शेषाद्री कारखान्यात मोठा साहेब आल्यासारखे सावधान उभे होते.

"छपराला भोक कां?"

"ऊन यायला, अत्तै," संयुक्ता म्हणाली.

"तंजावरात ऊन यायला भोक पाडतात," असं म्हणून अक्कानं धाबळी उघडली. विटकरी, जाड, कडेला रफू केलेली. चौघडी घालून ती सीटवर पसरली आणि वरून हात फिरवला. शेषाद्रींच्या हातांना सवयच ती. त्यांनी काठी लावली.

सीट वरच्या खाचेच्या वर गेली होती. चांगली बोटभर.

ते तसेच वाकून राहिले. लोकरीची जाडी त्यांनी धरलीच नव्हती. त्यांच्या मागून संयुक्तानं मान पुढं काढून खाच बघितली, काठी बघितली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला.

"अप्पा," ती म्हणाली, "म्हणजे ती सेकंड जनरेशनची, गुरुमूर्तींची करडी, एक बोट बसकी होती ना? तीत धाबळी घातली असती तर..."

"गप बस."

"...बरोब्बर आली असती. कापडी सीट होती तिची."

"मी म्हटलं गप बस."

"काय कुजबुज चाललीय?" अक्का म्हणाली. "नापास कां काय?"

शेषाद्रींना अक्काशी खोटं बोलता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर धाबळी तरी काढायला हवी किंवा गाडी तरी. "बोटभर उंच झाली, अक्का," ते कसंबसं म्हणाले.

अक्कानं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली. उलटसुलट बघितली, दोन्ही खाचांवरून अंगठा फिरवला. मग ती जमिनीवर टेकवली, तिच्यावर भार दिला, टाचा किंचित उचलल्या आणि मागं सरकत आईच्या धाबळीवर बसली. एक पाय आत घेतला, मग दुसरा. कुणी हात लावला नाही. लावू दिलाही नाही.

"ही बरी अहे," काठी मांडीवर आडवी घेत ती म्हणाली. "उंचीला नेमकी. कुणी केली?"

"यांनीच," सीतालक्ष्मी मागच्या सीटवरून म्हणाली. "तुमच्या मापाची."

"मग इतके दिवस स्वतः घेऊन कां हिंडत होतास रे? मला द्यायची." अक्कानं दार ओढून घेतलं. त्या आवाजाला शेषाद्रींचे कान टवकारलेच. "चल, शेषू, बैस मागं. पाण्याचा कलश आधी मी बघणार अहे. फार गार असलं तर नापास."

गाडी चेन्नईच्या रस्त्याला लागली. खड्डा आला की अक्का काठी पायाशी टेकवून तोल सावरी. शेषाद्री मागं हात मांडीवर ठेवून बसले होते. त्या हातांना काय करावं कळत नव्हतं. सीतालक्ष्मीनं डब्यातली इडली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती न दाबताच खाल्ली.